नातवाच्या मुठीचा रोट

दर रविवारी प्राणिसंग्रहालयात फुकट काम करायला जाणार आहे असं मी घरी सांगितलं, तेव्हा नवऱ्याने पेपरातून डोकं न काढता विचारलं, "पिंजऱ्याच्या आत की बाहेर?" त्याच्या विनोदावर तो एकटाच हसला. सासूने मात्र मनापासून चौकशी केली. "तठली जनावरे काय खातस?" मी म्हटलं, काही मांस खातात, काही गवत. "गवत खानारा बी शेतस का," असं म्हणून तिने मान हलवली आणि पुन्हा लसूण सोलायला घेतला. तिने ते मनात कुठेतरी नीट ठेवून दिलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

आम्ही सुरतेत, डिंडोलीत राहतो. नवरा सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका डाइंग हाऊसमध्ये रंग मास्तर आहे. मुलगा शिकला आणि बेंगलोरला नोकरीला लागला. तोपर्यंत मी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायची. पहिला पगार झाल्यावर मुलाने फोनवर हुकूम सोडला की आता ते काम बंद. काम बंद झालं आणि दुपार मोकळी झाली. मोकळी दुपार काय असते ते मला तोवर माहीत नव्हतं. मी डबे घासून परत घासायला लागले. सासू आणि मी एकमेकींच्या पायांत यायला लागलो. अशात कुणीतरी फोनवर पाठवलं की प्राणिसंग्रहालयाला रविवारसाठी स्वयंसेवक हवे आहेत, वयाची अट नाही, प्राण्यांबद्दल प्रेम हवं. प्राण्यांबद्दल मला खास काही वाटत नव्हतं. घराबाहेर पडण्याबद्दल मात्र फार प्रेम वाटत होतं.

आधी शिकवणी झाली. आम्हाला एका खोलीत बसवून एका मेलेल्या हरणाच्या पोटातून काय निघालं ते दाखवलं. टेबलावर पेपर पसरून ते सगळं मांडून ठेवलं होतं. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, रबर, एक लहान मुलाचा मोजा. लोक पिशवीसकट वेफर देतात आणि जनावर पिशवीसकट खातं. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. म्हणजे बाहेरचं खाणं आत जाऊ द्यायचं नाही हा नियम काही कुणी हौसेने केलेला नव्हता, आणि मी तो मनापासून मानला. अजूनही मानते.

मग कामं वाटली. चांगली कामं कॉलेजच्या पोरींना मिळाली. पाणमांजरांच्या तळ्याशी उभं राहून माहिती सांगायची, शाळेच्या मुलांना रांगेने फिरवायचं. मला मिळालं फाटकावरचं टेबल. येणाऱ्यांच्या पिशव्या बघायच्या, खाण्याचं काही असेल तर काढून घ्यायचं आणि टेबलाखालच्या निळ्या टबात टाकायचं. संध्याकाळी टब कचऱ्याच्या गाडीत जायचा. पहिले दोन-तीन रविवार मी मनातून फुगूनच बसले होते. हौसेने गेले आणि वाट्याला काय आलं, तर हमालाचं काम.

पण मग माझ्या लक्षात आलं की या कामात माझ्याइतकं पटाईत कुणी नाही.

त्याचं कारण सांगायला आजही जीभ अडखळते. रविवारी तिथे येणारी निम्मीअधिक गर्दी आमचीच असते. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं. आठवडाभर लूमवर आणि कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये कान बधिर करून घ्यायचे आणि रविवारी बायकापोरांना घेऊन वाघ बघायला यायचं. आणि आमच्या बायकांची रीत अशी की मुक्या जनावरासमोर रिकाम्या हाताने उभं राहायचं नाही. बाकीच्यांच्या हातात वेफरच्या पिशव्या उघड दिसतात. आमच्या बायका भाकरी आणतात, आणि ती कुठे ठेवतात ते मला पाठ आहे. पिशवीत पोराच्या स्वेटरखाली. डब्यात भाताच्या खाली. पदराच्या आत काखेत. कडेवरच्या लेकराच्या आणि पोटाच्या मध्ये. मी लहान असताना माझ्या आईने मला अशीच मध्ये भाकरी घालून सर्कशीतला हत्ती बघायला नेलं होतं. मी बरोबर तिथेच हात घालायची. बायका माझ्याकडे बघत राहायच्या, हिला कसं कळलं म्हणून. साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं की या बेन टेबलावर असल्या की आत एक दाणा जात नाही. घरचा भेदी लंका दहन म्हणतात ते हेच. पण त्या दिवशी मी घरी जाताना बसमध्ये उगाचच ताठ बसले होते.

टेबलावर माझ्या जोडीला अडाजणच्या एक गुजराती बेन असायच्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, नीटनेटक्या, प्रेमळ. घरून दोघींसाठी चहा आणायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, तमे क्यांना, कुठल्या तुम्ही? मी म्हटलं, अमे तो सुरतना ज. हे खोटं नव्हतं. माझा जन्म सुरतचा, गुजराती मी शाळेत शिकलेले आणि माझं नावही दोन्हीकडे चालतं. त्यांनी पुढे विचारलं नाही आणि मी पुढे सांगितलं नाही. मग एकदा एक नवरा-बायको टेबलापाशी अहिराणीत भांडले आणि मला हसू आवरेना. बेननी विचारलं, यांचं तुम्हाला समजतं? तेव्हा सांगून टाकायचं ना. पण माझ्या तोंडून निघालं, थोडं थोडं समजतं, शेजारी आहेत आमचे. झालं. माझी आई, बाप, सासर, माहेर सगळे एका वाक्यात माझे शेजारी झाले.

बेन कधी कधी म्हणायच्या, "ये डिंडोली-लिंबायत का पब्लिक न, पूरा टिफिन जानवर को खिला देगा." त्यात विष नव्हतं. पाऊस फार आहे म्हणावं तसं म्हणायच्या. मी हसायची. नुसती हसायची नाही, "हा ने" म्हणून वर दुजोराही द्यायची. ते हसू आठवलं की आजही माझा चेहरा तापतो.

आता कानबाईचं सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे-नथ लावून, दागिने घालून तिला चौरंगावर बसवतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर नेऊन बोळवण करतात. डिंडोलीत त्या दिवशी रस्ता दिसत नाही. मी त्या रविवारी प्राणिसंग्रहालयात कळवलं होतं की ताप आहे.

कानबाईचा प्रसाद म्हणजे रोट. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेची जाड, खरपूस भाकरीच म्हणा. पण त्याचे नियम कडक. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ-मूठ गहू मोजायचा आणि तोच दळायचा. तो रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याच्या तोंडी जाऊ द्यायचा नाही. पौर्णिमेच्या आत संपवायचा. खाल्ल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही, ताटात धरून तुळशीला घालायचं. आणि उरलाच, तर आमच्या घरची रीत अशी की तो गाईच्या मुखी द्यायचा. फेकायचा तर नाहीच नाही.

पूर्वी उरायचा प्रश्न नव्हता. दीर होते, पुतणे होते, चुलत सासरे होते. दोन दिवसांत फडशा पडायचा. आता कुणी वापीला, कुणी गावाला परत, कुणी नुसतंच अबोल्यात. मुलगा बेंगलोरला. मी सासूला म्हटलं होतं, गहू कमी घ्या, खाणारं कोण आहे? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गव्हाचं सूप तिच्यापुढे सरकवलं. "जित्ता मानूसनी मूठ कमी करू का मी?" तिने नातवाच्या नावाची मूठ सगळ्यांत भरघोस घेतली. लांब आहे म्हणून जास्त.

तो आठवडा आम्ही रोट खाल्ला. सासूला दात थोडेच, पण ती दुधात भिजवून खात राहिली, शेवटी तिचं पोट बिघडलं. नवऱ्याने डब्यात नेला, सकाळ-संध्याकाळ खाल्ला, मग हात जोडले. मी दोन दिवस खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी साखरेचं कारण सांगितलं. माझी साखर काठावर होती. खाण्याने काही बिघडलं नसतं, पण नको म्हणायला तेवढी पुरली. खरं कारण म्हणजे मला कंटाळा आला होता, आणि त्या रोटाचाच नाही. नथ लावलेल्या नारळाचा, मुठी मोजण्याचा, पौर्णिमेच्या मुदतीचा. टेबलावर बसून बसून मी आमच्याच घराकडे बेनच्या डोळ्यांनी बघायला लागले होते.

शेवटी एक रोट राहिला. सासू तो रोज तव्यावर शेकायची म्हणजे बुरशी धरणार नाही, आणि फडक्यात बांधून देवाजवळ ठेवायची. ती म्हणायची, हा नातवाचाच राहिला. सगळे रोट एकाच पिठाचे, त्यातला नातवाचा कुठला हे तिला कसं कळलं, असं मी विचारलं नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर एक तांबडी गाय उभी असायची, ती महापालिकेच्या गाडीने केव्हाच नेली. सासू सकाळी दोन वेळा डिंडोलीभर फिरून आली. गाय नाही. शनिवारी दुपारी मी फोनवर बोलत असताना ती दारात येऊन काहीतरी विचारत होती. मी हाताने थांब म्हटलं, ती थांबली, पुन्हा विचारलं. मी फोन कानापासून न काढता "हो, हो" म्हटलं. ती समाधानाने आत गेली. तिने काय विचारलं होतं, हे मी नंतरही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. पौर्णिमा सोमवारी होती.

फाटकावर तुफान गर्दी होती. मी आणि बेन दोघी दोन्ही हातांनी काम करत होतो, टब अर्धा भरला होता. केळ्यांची सालं, खमणचे तुकडे, कुणाची तरी अर्धी पावभाजी. मी मान वर केली आणि रांगेत मला सासू दिसली. एकटी. ठेवणीतलं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, छातीशी स्टीलचा डबा धरलेला. दोन बस बदलून आली होती. आयुष्यात ती एकटी बसने कुठे गेली नव्हती.

माझ्या शरीराने जे केलं ते माझ्या मनाने ठरवलं नव्हतं, एवढंच मी माझ्या बाजूने सांगू शकते. मी वाकले. चपलेचा पट्टा सुटला असावा तशी टेबलाखाली वाकले आणि वाकलेलीच राहिले. टबातला आंबूस वास नाकात जात होता. मला तिचे पाय दिसले. भेगांना तेल लावून आली होती.

वरून आवाज येत होते.

"मांजी, खाने का कुछ है?"

आमच्या बायका नाही म्हणतात. सासू खोटं बोलत नाही. डबा टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, झाकण उघडल्याचा झाला. "ये देवीका है. गाय को देना है."

"यहां गाय नहीं है."

"हरन है ना? हरन बी चलेगा. वो बी घास खाता."

"नहीं चलेगा मांजी. बाहर का कुछ नहीं चलेगा. जानवर मर जाता है." बेन समजुतीने बोलत होत्या. "किसके साथ आये हो? घर का कोई है साथ में?"

मी तेव्हा मान किंचित वर केली. टेबलाच्या कडेवरून मला सासूचा चेहरा दिसला आणि ती माझ्याकडेच बघत होती. केव्हापासून बघत होती कोण जाणे. माझं वाकणं, माझा न सुटलेला पट्टा, सगळं तिने बघितलं होतं. तिने माझ्यावरची नजर सावकाश काढून घेतली आणि बेनना म्हणाली, "कोई नहीं. अकेलीच."

बेननी रोट उचलला आणि टबात टाकला. सालांवर पडला. टबाच्या कडेशी, माझ्या तोंडासमोर.

सासू पुढे जाईना. मागची रांग कुरकुरायला लागली. ती काही भांडली नाही, रडली नाही, टबाकडे बघत उभी राहिली. बेन वैतागल्या. मग त्यांना मी आठवले. खाली वाकून म्हणाल्या, "बेन, तमने एमनी भाषा समजाय छे ने? जरा पूछो तो शुं कहे छे."

मी उठले. अंगावर स्वयंसेवकाचं हिरवं जाकीट, छातीवर बिल्ला. सासू समोर. सकाळी हिनेच मला चहा दिला होता.

मी विचारलं, "काय शे हाई?" तिच्या सुनेने तिच्या भाषेत तिला विचारलं की हे काय आहे. माझा आवाज मला परक्यासारखा ऐकू आला.

तिने मला शेवटपर्यंत सांभाळून घेतलं. डोळ्यांत ओळख येऊ दिली नाही. एखाद्या दवाखान्यातल्या नर्सशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "बाई, हाऊ कानबाईना रोट शे. मना नातूना वाटाना शे. नातू परगावले शे. बाहेरना मानूसले देता येत नही, कचरामा टाकता येत नही. आमनाकडे गाय सापडनी नही म्हनीसन आठे उनू."

मी मान हलवली.

"कालदिन घरमा इचारं व्हतं मी," ती म्हणाली. "हा म्हने. मंगच उनू. नही तं उनू नसतू."

माझं "हो, हो." ते घेऊन ती दोन बस बदलून आली होती.

"शुं कहे छे?" बेननी विचारलं.

मी गुजरातीत सांगायला लागले. देवीचा प्रसाद आहे, नातवाच्या वाट्याचा आहे. बेन म्हणाल्या, ते ठीक, पण मग घरच्यांनी खायचा ना, घरी कोणी नाही का, विचारा. मी सासूकडे बघितलं. तिला गुजराती समजतं. मी विचारायची वाट न बघता तीच बोलली.

"सून शे ना. भली शे मनी सून. तिले साखरना तरास शे, गोड चालत नही. नही तं तिनीच खाई लिधा व्हता."

हे तिने बेनकडे बघून नाही, माझ्याकडे बघून सांगितलं. अनोळखी बाईला आपल्या सुनेबद्दल सांगावं तसं. तिला माहीत होतं की माझी साखर काठावर आहे. डॉक्टरकडे माझ्याबरोबर तीच आली होती.

"शुं कहे छे?" बेननी पुन्हा विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं. "कहे छे के एमनी वहु..." सुनेपर्यंत आले आणि पुढचा शब्द निघेना. भली म्हणायची होती. चार अक्षरं नाहीत, दोन. ती माझ्याच्याने बोलवली नाहीत. मागची रांग गप्प झाली होती, कारण आमची माणसं होती ती, त्यांना सगळं कळत होतं. ही म्हातारी माझी कोण आणि माझं काय चाललं आहे हेही, मला वाटतं, त्यांच्यातल्या एक-दोन बायकांना कळलं असावं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण तिथे फरशी होती.

"हुं ज एमनी वहु छुं," मी म्हटलं.

बेनना आधी कळलंच नाही. त्या हसल्या, मी गंमत करते आहे असं समजून. मग त्यांनी तिच्याकडे आणि माझ्याकडे बघितलं.

मी टबात हात घातला. रोटाच्या एका बाजूला केळ्याची साल चिकटली होती, ती काढली. जाकिटाला रोट पुसला आणि खायला लागले. आठवडाभर शेकून शेकून तो फरशीच्या तुकड्यासारखा कडक झाला होता. दाताने तुटेना तेव्हा टेबलाच्या कडेवर मोडला. चारचौघांत, रांगेसमोर, बिल्ला लावून मी उभ्याने खात होते. जनावरं बघायला आलेली माणसं मला बघत होती. एका लहान मुलीने आईला विचारलं, ही बाई काय खाते, आणि आईने तिचं तोंड दुसरीकडे वळवलं. घशात कोरडा घास अडकला आणि डोळ्यांत पाणी आलं. ते ठसक्याचं होतं असं मी स्वतःला समजावलं.

बेननी खुर्ची पुढे केली. सासूला बसवलं, मला बसायला सांगितलं. रांग त्यांनी एकटीने सांभाळली. मला म्हणाल्या, "पहले बोलना था ना." यात राग नव्हता, उलट थोडी हळहळच होती. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

रोट संपवायला मला वेळ लागला. सासू शेजारी बसून बघत होती. शेवटचा चुरा मी तळहातावरून तोंडात टाकला तेव्हा ती म्हणाली, "हळू. कोनी मांगे लागेल नही." मग तिने रिकामा डबा माझ्या हातांखाली धरला. बेनची पाण्याची बाटली घेतली आणि माझ्या हातांवर पाणी ओतलं. एक थेंब खाली पडू दिला नाही. माझ्या हातांवरचं ते पाणी, त्यात रोटाचे कण, टबातलं काय काय. तिने झाकण घट्ट लावलं आणि डबा पुन्हा छातीशी धरला.

मी त्या दिवशी लवकर निघाले. साहेबांना बेननी काय सांगितलं मला माहीत नाही. पुढच्या रविवारी मी गेले, अजून जाते, त्याच टेबलावर बसते. आमच्या बायका आल्या की अहिराणीतच बोलते, भाकरी कुठे आहे ते विचारते आणि त्याच हसून काढून देतात. बेन चहा आणतात. त्या डिंडोलीच्या पब्लिकबद्दल आता काही म्हणत नाहीत, माझ्यासमोर तरी. हे सगळं चांगलंच झालं असं कुणीही म्हणेल. मी सांगितल्यावर माझा नवरा म्हणालाच. एवढं काय त्यात, शेवटी सांगितलंस ना खरं?

पण त्याला पुढचं माहीत नाही.

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. तिच्या मांडीवर डबा, त्यावर दोन्ही हात. खड्डा आला की ती डबा उचलून धरायची. मी तिला काय बोलणार होते? माफी मागायला तोंड उघडलं की तीच काहीतरी दुसरं काढायची. फाटकातून दिसली ती हरणं किती बारीक रे बाई, बकरीएवढी. वाघ बघायचा राहिलाच. साखर वाढली तर डॉक्टरला माझं नाव सांग. कंडक्टर आला. त्याने तिच्याकडे बघून विचारलं, "मांजी, साथ में है दोनों?"

साधा प्रश्न होता. तिने उत्तर दिलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि थांबली.

मी "हां, साथ में, मेरी सास है" म्हटलं, गरजेपेक्षा मोठ्याने. तेव्हा कुठे तिने मान हलवली, हो म्हणून.

घरी येऊन तिने ते पाणी तुळशीला घातलं आणि रात्री नातवाला फोन करून कळवलं की तुझा रोट संपला, तुझ्या आईने खाल्ला. बाकी एक शब्द सांगितला नाही. त्याला नाही, माझ्या नवऱ्याला नाही, गल्लीत कुणाला नाही.

पण तेव्हापासून ती तसंच करते. भाजीवाला विचारतो, सून का तुमची? दवाखान्यात विचारतात, सोबत कोण आहे? लग्नात कुणी विचारतं, कुणाबरोबर आलात? ती लगेच बोलत नाही. आधी माझ्याकडे बघते, मी काय सांगते त्याची वाट बघत.